सोमण सरांची शंका

रत्नागिरीच्या बाजारात अजूनही कोणी ना कोणी मला थांबवून विचारतं, "बाई, उद्या पाऊस आहे काय हो?" मी नोकरीतून मोकळी होऊन बरीच वर्षं झाली, हे त्यांना ठाऊक असतं. तरी विचारतात. उद्या काय होणार ते सांगणं हे माझं काम कधीच नव्हतं. आज काय झालं ते लिहून ठेवणं, एवढंच माझं काम. उद्याचं सांगणारी माणसं निराळी, आणि त्यांना बसणाऱ्या शिव्याही निराळ्या.

शहरातल्या मोठ्या सरकारी वेधशाळेशी आमचा संबंध नव्हता. आंबा बागायतदारांच्या एका संस्थेने शहराबाहेरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, आपल्यापुरतं हवामान केंद्र उभं केलं होतं. मोहोरावर तुडतुडे कधी वाढणार, भुरीचा रोग कधी पसरणार, फळ उन्हाने कधी भाजणार, हे सगळं हवेवर ठरतं. म्हणून सकाळी साडेसातला आणि दुपारी अडीचला नोंद घ्यायची, वहीत लिहायची आणि फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने मांडायची. जाता येता बागायतदार स्कूटर थांबवून फळा वाचत आणि त्यावरून फवारणी ठरवत. या कामाला अठ्ठावीस वर्षं मी होते आणि आवारातल्या झाडांची देखभाल करणारे तुकाराम माळी होते. दोघांचंच केंद्र.

तापमान मोजायची पेटी बऱ्याच जणांना मधमाश्यांची वाटते. पांढरी, लाकडी, चारी बाजूंना झडपा, चार पायांवर छातीइतकी उंच. दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी ऊन आत शिरत नाही. आत चार तापमापक. वाचायचीही रीत आहे. आधी दशांश वाचायचा, पूर्ण अंश नंतर. कारण माणूस जवळ उभा राहिला की त्याच्या अंगाच्या उबेने पारा हलू लागतो. पूर्ण अंश कुठे जात नाही, दशांश पळतो. आणि काही कारणाने नोंद हुकली तर तो रकाना रिकामा ठेवायचा, अंदाजाने भरायचा नाही. माझ्या वह्यांत असे मोजके रकाने रिकामे आहेत. त्यातला एक सासूबाई गेल्या त्या सकाळचा. तुकाराम म्हणाले होते, "बाय, कालच्यासारखंच तर हाय, तोच आकडा टाकूक काय झालं?" मी टाकला नाही. त्या रिकाम्या चौकोनाचा मला आजही अभिमान आहे.

तऱ्हेतऱ्हेची माणसं यायची. लग्नाच्या मांडवाला ताडपत्री घालावी का, हे विचारायला वधूपिते यायचे. मुंबईला नोकरीला असलेले एक गृहस्थ एकदा आले. रजा संपल्यावरही आठ दिवस जास्त गावी राहिले होते, म्हणून त्या दिवसांत अतिवृष्टीमुळे रस्ता बंद होता असा दाखला हवा होता. मी वही उघडून दाखवली. त्या आठ दिवसांत पाऊस निरंक. ते म्हणाले, "बाई, थोडा तरी पाडा." मी म्हटलं, "पाडणारी मी नव्हे." रागावून गेले, पण दुसऱ्या वर्षी आंब्याची पेटी घेऊन आले. साहेबाला खरं सांगितलं, आणि त्याने रजा मंजूर केली, म्हणाले.

हे सगळं सांगायचं कारण, माझ्या हातून एक गोष्ट याच्या अगदी उलट होता होता राहिली. ती सोमण सरांमुळे राहिली.

वामनराव सोमण आम्हाला शाळेत गणित शिकवायचे. धोतर, पांढरा सदरा, खडूने कायम पांढरी झालेली बोटं. उत्तर बरोबर आलं तरी रीत चुकली असेल तर शून्य द्यायचे. केंद्रात जागा निघाली तेव्हा "या मुलीचं नाव घ्या, ही आकड्याला घाबरत नाही," असं संस्थेला जाऊन सांगणारे तेच. निवृत्तीनंतर आरे-वारेच्या बाजूला असलेली आपली कलमांची बाग सांभाळत आणि संस्थेच्या प्रत्येक सभेला येऊन मागच्या रांगेत बसत.

ते २००३ साल असावं. संस्थेच्या वार्षिक सभेत मी पहिल्यांदाच भाषण केलं. केंद्राच्या सगळ्या वह्या काढून, रोजचं किमान तापमान घेऊन, वर्षावर्षाची सरासरी काढून एक मोठा आलेख बनवला होता. लाल रेघ हळूहळू चढत जाते आणि शेवटच्या काही वर्षांत एकदम उसळते. तोवर मी या विषयावर मिळेल ते वाचलं होतं. माणसाने जाळलेल्या कोळशामुळे आणि तेलामुळे पृथ्वी तापते आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. आजही नाही. मी जीव तोडून बोलले. मोहोर पुढे मागे होतो, फळ भाजतं, हे समोर बसलेल्यांना मी सांगायला नकोच होतं. शेवटी म्हटलं, "हे आपण माणसांनी केलेलं आहे."

टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर सर उठले.

"नीला, आलेख सुबक आहे. एक विचारू? तापलं, हे तू दाखवलंस. माणसामुळे तापलं, हे कुठे दाखवलंस?"

मी म्हटलं, "सर, ते जगभरच्या शास्त्रज्ञांनी दाखवलंय."

"त्यांनी दाखवलं असेल. मला अजून पटलेलं नाही. पृथ्वी याआधीही तापली, निवली. माणूस एवढा मोठा कधीपासून झाला?"

सभेला जांभ्याच्या चिरेखाणीचे एक मालक आले होते. सड्यावरची झाडं तोडून खाण वाढवायचा त्यांचा विचार होता आणि संस्थेने त्याला हरकत घेतली होती. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. "बरोबर बोललात मास्तर! सगळं थोतांड आहे हे!" लोक हसले. आणि माझा तोल गेला.

"सर, इतकं सगळं समोर असताना शंका घेणं ही बेइमानी आहे," मी म्हणाले. "पुढच्या पिढीशी बेइमानी. अडाणी माणसाने केलं तर एक वेळ चालेल. तुम्ही करता तेव्हा ते पाप आहे."

सर "बरं," म्हणाले आणि खाली बसले.

घरी आल्यावर मला स्वतःचा अभिमान वाटला, हे कबूल करते. खरं बोलायला नातं आड आलं नाही, असं वाटलं. स्थानिक वर्तमानपत्रात माझा आलेख छापून आला, एका शाळेने तो मोठा करून भिंतीवर लावला. सर रस्त्यात दिसले की मी मान वळवायची.

दोनेक महिन्यांनी, दुपारची नोंद घेऊन मी पेटी बंद करत होते, तर फाटकातून सर आत येताना दिसले. माझ्याशी काही न बोलता ते पेटीपाशी गेले, पेटीभोवती एक फेरी मारली. मग शेजारच्या, संस्थेच्या सभा होतात त्या हॉलच्या भिंतीवर तळहात टेकून उभे राहिले.

"हा हॉल कधी बांधलात?"

"अठ्ठ्याण्णव साली."

"आणि खालची ही फरशी?"

"त्याच वेळी. सभेला येणाऱ्यांच्या गाड्या लावायला."

"आधी इथे काय होतं?"

"गवत."

"चटका बसतोय भिंतीचा. दिवसभर तापते, रात्रभर ऊब सोडते. तुझ्या पेटीपासून पंधरा पावलांवर." ते माझ्याकडे वळले. "नीला, तुझी लाल रेघ कोणत्या वर्षापासून उसळली?"

उत्तर मला पाठ होतं, अठ्ठ्याण्णवपासूनच.

"मी तुझ्याशी भांडायला आलो नाही," ते म्हणाले. "शंका आली, ती तुला आधी सांगावी म्हणून आलो. चारचौघांत विचारली तर तुला त्रास होतो."

ते गेले. पुढचे आठ दिवस माझ्या नोकरीतले सगळ्यात वाईट दिवस. हॉल बांधला तेव्हा पेटी हलवायला हवी होती. ते बघणं माझं काम होतं, माझ्याकडून राहून गेलं. एवढं कळल्यावर पुढे काय करायचं ते सरळ होतं. पण मी केलं नाही. मनात हिशेब मांडत राहिले, की पृथ्वी तापते आहे हे तर खरंच आहे. माझा आलेख जरा जास्त तापला असेल, तरी तो लोकांना खऱ्याकडेच नेतो आहे. तो खोडला तर खाणवाल्यांना आयतं कोलीत मिळेल. मग कशाला सांगायचं? म्हणजे ज्या बाईने मुंबईच्या गृहस्थाला एक थेंब पाऊस पाडून दिला नव्हता, ती स्वतःच्या आलेखात ऊन वाढवून ठेवायला तयार झाली होती. आणि बेइमान मी सरांना म्हटलं होतं.

नवव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. सरांच्या पत्नी, माई, यांनी कोकम सरबत दिलं आणि "बरी आलीस गो, रोज तुझं नाव निघतंय," म्हणाल्या. सर ओटीवर कागद घेऊन बसले होते.

"सर, तुमचं बरोबर आहे. निदान भिंतीबद्दल."

"बरोबर आहे की नाही ते अजून कुठे ठरलंय?" ते म्हणाले. "मी शंका घेतली. मोजलं नाही. मोजायचं कसं, सांग."

मग आम्ही दोघांनी ओटीवर बसून रीत ठरवली. जुनी पेटी हॉलशेजारी आहे तशीच ठेवायची. तशीच दुसरी पेटी आवाराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे अजून गवत होतं, तिथे उभी करायची. वर्षभर दोन्ही पेट्या एकाच मिनिटाला वाचायच्या. दोन आकड्यांत जो फरक पडेल तो भिंतीचा.

संस्थेचे सचिव बेहेरेसाहेब ऐकेनात. "बाई, आलेख पेपरात आलाय. आपणच आपली लाज काढायची?" मी म्हटलं, "साहेब, उद्या या फळ्यावर कोणी विश्वास ठेवायचा का, एवढा प्रश्न आहे." त्यांनी आठवडाभर घेतला आणि सुताराला बोलावलं. नव्या पेटीसाठी तापमापक आले तेव्हा सरांनी आधी जुने नवे सगळे एका बादलीतल्या पाण्यात बुडवून एकसारखे दाखवतात का ते तपासलं. मला ते सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सर रोज दोन वेळा येऊ लागले. वय पंचाहत्तरच्या घरात, जुनी स्कूटर, पावसात वर घोंगडीसारखा जाड रेनकोट. मी जुन्या पेटीपाशी, ते नव्या. तुकाराम मधोमध उभे राहून घंटा वाजवायचे. घंटेला दोघांनी वाचायचं, आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठ्या तुकारामांच्या हातात द्यायच्या. एकमेकांचा आकडा आधी विचारायचा नाही. तुकाराम गंभीरपणे दोन्ही चिठ्ठ्या पाटीवर ठेवायचे आणि "सर, आज बी तुमची पेटी गार," असं जाहीर करायचे.

एका सकाळी सरांची चिठ्ठी कोरी आली. मी विचारलं, तर म्हणाले, "आज दशांश नीट दिसला नाही. तीन वाटला, आठही असेल. रिकामा सोड." मोतीबिंदू होता. ऑपरेशनच्या दिवसांचे रकानेही आम्ही रिकामेच सोडले. चाळीस वर्षं ज्या माणसाने फळ्यापाशी उभं राहून दुसऱ्यांच्या चुका काढल्या, त्याने "मला दिसलं नाही" असं इतक्या सहज सांगितलं, याचं मला फार कौतुक वाटलं.

नोंदी झाल्यावर चहा व्हायचा. चहाबरोबर मी माझी पुस्तकं आणि कात्रणं पुढे करायची, सर पेन्सिलीने खुणा करून परत आणायचे. वाद व्हायचे, पण आवाज चढायचा नाही. एकदा ते म्हणाले, "सूर्यच जास्त तापलाय, असं मी म्हणत होतो. पण यात लिहिलंय, खालची हवा तापतेय आणि खूप वरची थंड होतेय. सूर्याचं काम असतं तर वरचीही तापायला हवी होती." मग कप खाली ठेवला. "हे मला अडतंय," म्हणाले.

वर्ष संपलं. दोघांनी वेगवेगळी आकडेमोड केली आणि मग कागद शेजारी ठेवले. भिंतीने फरक पाडलाच होता. माझ्या रेघेची शेवटची उसळी बरीचशी भिंतीची होती. ती वजा केली तर रेघ खाली आली, पण सपाट झाली नाही. हॉल नव्हता तेव्हापासून ती चढत होती, आणि वजाबाकीनंतरही चढतच राहिली. तेवढी चढण भिंतीची नव्हती.

पुढच्या वार्षिक सभेत मी दोन्ही रेघा एकाच कागदावर काढून नेल्या. जुनी रेघ चुकीची होती आणि चूक माझी होती, हे पहिल्याच वाक्यात सांगितलं. मग भिंत, फरशी, दोन पेट्या, सगळं समजावलं. शेवटी सरांकडे बघून म्हटलं, "सरांच्या शंकेला मी याच सभेत बेइमानी म्हटलं होतं. तो शब्द मी परत घेते. शंका नसती तर खोटा आकडा तसाच राहिला असता."

अपेक्षेप्रमाणे चिरेखाणवाले उठले. "म्हणजे मी म्हणत होतो तेच! थोतांडच निघालं की नाही?"

सर मागच्या रांगेतून पुढे आले. "तुम्ही काय मोजलंत?" त्यांनी विचारलं.

"मी? मी कशाला मोजू?"

"मी वर्षभर मोजलं. रेघ खाली आली, तरी चढतेच आहे. तुमचं थोतांड मोजण्याआधीच ठरलेलं होतं. आम्ही दोन पेट्या मांडल्या तेव्हा या आवारात तुम्ही एकदा तरी पाऊल टाकलंत?" आवाज वर्गातला होता. "तुमच्या शंकेशी माझ्या शंकेचं नातं लावू नका."

खाणवाले खाली बसले. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, पण सभा संपल्यावर लोक आलेखापाशी येऊन उभे राहिले, बोटाने रेघ चाचपून बघू लागले. पहिल्या वर्षी कोणीही इतक्या जवळ आलं नव्हतं. त्या वर्षापासून फळ्यावरचा आकडा बागायतदार पुन्हा न विचारता खरा धरून चालू लागले. माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी पदवी मी तीच समजते.

पण सरांची गोष्ट एवढ्यावर संपली नाही. सभेनंतर पंधरा दिवसांनी ते आले, नोंदीचं काही काम नव्हतं तरी अडीचच्या वेळेला.

"तू शब्द परत घेतलास," ते म्हणाले, "पण पूर्ण परत घ्यायला नको होतास. भिंतीबद्दलची शंका सरळ होती. पहिली नव्हती."

मला कळेना.

"आमचा श्रीकांत कुठे आहे ठाऊक आहे ना तुला? कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात. वीस वर्षं. मोठा इंजिनिअर. माझं घर, माईचं औषधपाणी, माझे हे डोळे, सगळं त्याने केलं. माणसामुळे तापतंय म्हटलं की पहिलं बोट त्याच्याकडे जातं. म्हणून मला पटत नव्हतं. तुला मी जितके प्रश्न विचारले, त्याच्या बाजूने बोलणाऱ्याला त्यातला एकही विचारला नाही. आता मला पटत नाही असं म्हणायला कारण उरलेलं नाही, नुसती सवय उरलीय."

हे ऐकायला तुकारामही तिथे होते. ते हळूच उठून झाडांना पाणी घालायला गेले.

मे महिन्यात श्रीकांत रजेवर आला. सर त्याला घेऊन केंद्रावर आले. उंच, केस पांढरे होऊ लागलेला, बापासारखाच कमी बोलणारा. सरांनी त्याला दोन्ही पेट्या दाखवल्या, वही दाखवली, दोन रेघांचा कागद दाखवला. मग, माझ्या देखतच, बहुधा घरी विचारणं जमलं नसावं म्हणून, विचारलं, "श्रीकांत, हे तुमच्या धुराने होतंय. तुला काय वाटतं?"

श्रीकांतने कागद खाली ठेवला.

"बाबा, मला हे खूप वर्षांपासून माहीत आहे."

"मग बोलला नाहीस कधी?"

"तुम्ही सगळ्यांशी वाद घालायचात, माणसाचा काही संबंध नाही म्हणून. मला वाटायचं, तुम्हाला तसंच हवंय. तुमचं मन कशाला मोडू?"

सर पेटीच्या खांबाला धरून उभे राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी रुमालाने टिपलं आणि कोणी पाहिलं नाही असं धरून चालले.

"वीज तर सगळ्यांना लागते," शेवटी सर म्हणाले. "मलाही लागते. उद्या नोकरी सोड असं मी सांगत नाही. पण तुमच्याकडे काय जळतं, किती जळतं, कमी कसं करता येईल, ते मला सांग. सगळं. मी गणिताचा माणूस आहे, मला समजेल."

श्रीकांतने खिशातून पेन काढलं. बाप-लेक हॉलच्या पायरीवर बसले, आणि माझ्या वहीतला एक कोरा कागद मागून घेऊन श्रीकांतने आकडे मांडायला सुरुवात केली. सरांनी दुसऱ्याच ओळीला त्याचा हात थांबवला. "रीत आधी लिही," म्हणाले.